मिनी ट्रॅक्टरची डिझेल टाकी गळतेय? टाकी उतरवण्याआधी हे तपासा

आखाजी (अक्षय्य तृतीया) उरकली की आमच्या चोपडा तालुक्यात बागायती कपाशीची घाई सुरू होते. वर्षभर केळीच्या ओळींतून हळूहळू फिरणारे मिनी ट्रॅक्टर एकदम रोटाव्हेटरला जुंपले जातात, आणि त्याच पंधरवड्यात माझ्या गॅरेजसमोर रोज कुणीतरी येऊन उभं राहतं. 'भाऊ, टाकी गळी ऱ्हायनी.' अठरा वर्षं हेच काम करतोय. टाकी गळते म्हणून माझ्याकडे आलेल्या ट्रॅक्टरांपैकी निम्म्याहून जास्त ट्रॅक्टरांची टाकी शाबूत निघते. गळती वर कुठेतरी असते आणि डिझेल पत्र्यावरून ओघळत बुडाशी येऊन थेंबतं. माणूस थेंब पाहतो आणि टाकीला दोष देतो. त्यामुळे आधी लक्षणं नीट ओळखा.

लक्षणं

आपल्या काळ्या मातीत डिझेलचा डाग लवकर कळत नाही, माती तेल पिऊन टाकते. त्यामुळे जमिनीपेक्षा ट्रॅक्टरकडे पाहा. टाकीच्या खालच्या अंगाला, टाकी आवळणाऱ्या पट्टीजवळ किंवा कॉकच्या (डिझेल चालू-बंद करायच्या तोटीच्या) आसपास धुळीचा ओलसर काळा थर चिकटलेला दिसतो. बाकी बॉनेटवरची धूळ कोरडी आणि तेवढीच जागा ओली, ही पहिली खूण. दुसरी खूण म्हणजे शेड उघडल्यावर येणारा वास. तिसरी, संध्याकाळी पाहिलेला काटा सकाळी खाली आलेला असतो.

चौथ्या लक्षणाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. इंजिन चालता चालता दम सोडतं, पुन्हा रेस घेतं, कधी बंदच पडतं आणि एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा, काढली की परत चालतं. जिथून डिझेल बाहेर येतं तिथूनच हवा आत जाऊ शकते. महिन्यात दोनदा एअर काढावी लागत असेल तर टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंत) कुठेतरी सांधा सैल आहे, थेंब दिसो वा न दिसो.

पाचवं, फिल्टरच्या वाटीत तांबूस गाळ किंवा तळाशी पाणी. हे दिसलं तर मात्र टाकीवरच संशय घ्यायला हवा, कारण पत्रा आतून गंजतोय.

आणि बॉनेटखालून, सायलेन्सरच्या बाजूने पांढरट धूर आणि कच्च्या डिझेलचा वास एकत्र आला तर जागेवर इंजिन बंद करा. तपासणी नंतर. डिझेल साधारण २१० अंशांच्या पुढे ठिणगी नसतानाही पेट घेऊ शकतं आणि लोडवर चालणाऱ्या इंजिनचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणारा भाग, त्याच्या बराच वर तापतो. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांत टाकी इंजिनच्या अगदी जवळ बॉनेटखाली असते. थेंब कुठे पडतोय हे किती पडतोय यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

नेमकं कधी गळतं?

माझ्याकडे कुणी आलं की मी पाना उचलण्याआधी हा प्रश्न विचारतो. उत्तर नीट मिळालं तर अर्धं काम झालं.

इंजिन चालू असतानाच गळतं आणि बंद केलं की थांबतं? मग पंपाच्या पुढची बाजू किंवा रिटर्न पाइप (उरलेलं डिझेल टाकीत परत आणणारा) पाहा, टाकीला हात लावू नका. टाकी काठोकाठ भरली की गळतं आणि पाऊण झाली की थांबतं? झाकण, भरण्याच्या तोंडाचं पॅकिंग किंवा वरच्या काट्याच्या फ्लोटचं (डिझेलवर तरंगून पातळी दाखवणाऱ्या भागाचं) पॅकिंग. उतारावर उभा केला किंवा बांधावरून चढवला तरच गळतं? त्या बाजूचा वरचा सांधा. रात्रंदिवस, चालू असो वा बंद, थेंब थेंब चालूच? कॉक, ड्रेन बोल्ट, खालचा पाइप, किंवा मग खरोखर टाकी.

आणि एक प्रकार असा की टाकी ठरावीक पातळीपर्यंत रिकामी होते आणि तिथे गळती आपोआप थांबते. हे दिसलं तर खुश व्हा. भोक त्या पातळीच्या उंचीवरच आहे. टाकीत स्वच्छ कोरडी काडी बुडवून पातळी मोजा, तेवढ्याच उंचीवर बाहेरून खडूने रेघ मारा आणि त्या रेघेवरच शोधा. तासाभराचं काम पाच मिनिटांवर येतं.

गळती किती मोठी आहे हेही मोजा, अंदाजाने बोलू नका. खाली स्वच्छ वाटी ठेवून तासाभराने पाहा. डिझेलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान असतो, तरी सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला दोन लिटरच्या आसपास जातं. पाच सेकंदांना एक थेंब म्हणजे महिन्याला बारा लिटर. शेतकऱ्याला वाटतं 'थोडंसं पाझरतंय', आणि पोरगं पंपावरून कॅन आणत राहतं.

हात घालण्याआधी

हे मी कळकळीने सांगतो. भारतात विकल्या जाणाऱ्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान, किमान ३५ अंश असावं एवढाच मानकाचा आग्रह आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे सावलीतलं तापमान ४५ अंशांना टेकतं. म्हणजे 'डिझेल काय पेट्रोलसारखं भडकत नाही' हे वाक्य थंड प्रदेशात एक वेळ चालेल, खान्देशातल्या उन्हाळ्यात त्यावर भरवसा ठेवू नका. बॉनेटखाली तर तापमान आणखी वर असतं.

म्हणून काम सकाळी, उघड्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. जवळ विडी, ग्राइंडर, चूल काही नको. पऱ्हाट्यांचा ढीग आणि कडब्याची गंजी यांपासून ट्रॅक्टर लांब घ्या. हाताशी पावडरचं अग्निशामक असेल तर उत्तम, नसेल तर दोन घमेली कोरडी वाळू. पेटत्या डिझेलवर पाणी ओतायचं नाही, तेल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. सांडलेलं डिझेल माती किंवा लाकडाच्या भुशाने टिपून घ्या, विहिरीकडे किंवा केळीच्या बुंध्याकडे वाहू देऊ नका.

ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर इथेच थांबा आणि विकणाऱ्याकडे न्या. स्वतः खोललेली टाकी दाखवून वॉरंटी मागणं अवघड जातं.

धुवा, पुसा, पावडर मारा

सगळ्यात स्वस्त तपासणी ही, आणि ती नेहमी टाळली जाते. धुळीने माखलेल्या टाकीवर गळती शोधणं म्हणजे आंधळ्याने वाट काढणं. सर्फच्या पाण्याने आणि ब्रशने टाकी, पाइप, कॉक, फिल्टर सगळं बाहेरून स्वच्छ करा. झाकण घट्ट ठेवा, वाहत्या पाण्याचा फवारा झाकणावर मारू नका. कोरड्या फडक्याने पुसून तासभर वाळू द्या. मग अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर किंवा खडूची बारीक पूड संशयित जागांवर भुरभुरवा आणि खाली पांढरा पुठ्ठा अंथरा.

रात्रभर तसंच ठेवा. सकाळी पावडरीवर ओला माग स्पष्ट दिसतो. नियम एकच: सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. खाली कितीही ओलं असो, गळती वरच्या टोकाला आहे. पुठ्ठ्यावरचा डागही पाहा. डिझेलचा डाग पुठ्ठा पारदर्शक करतो आणि वास देतो. डाग काळसर असेल तर इंजिन ऑइल, मधाच्या रंगाचा चिकट असेल तर बहुधा हायड्रॉलिक तेल. गेल्या पावसाळ्यात यावलकडच्या एका शेतकऱ्याने टाकी उतरवून आणली होती, आणि तेल लिफ्टच्या पाइपातून येत होतं. बिचाऱ्याने दोन दिवसांची फवारणी बुडवली.

झाकण आणि काठोकाठ भरलेली टाकी

डिझेल तापलं की फुगतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं गार डिझेल सकाळी २० लिटर भरलं आणि दुपारी बॉनेटखाली ते पंचवीस अंशांनी तापलं तर साधारण चारशे मिली वाढतं. ते जाणार कुठे? झाकणातून बाहेर. एप्रिल-मेमध्ये येणाऱ्या कित्येक 'गळत्या' टाक्यांचा इलाज एवढाच आहे की टाकी काठापासून दोन बोटं कमी भरायची.

झाकण उघडून आतली रबरी रिंग पाहा. कडक झाली असेल, भेगा असतील, चपटी झाली असेल तर बदला, किरकोळ खर्च आहे. मग झाकणाचं हवेचं छिद्र तपासा. काही झाकणांत ते साधं भोक असतं, काहींत छोटी झडप. आपल्याकडे कपाशीची रुई, रोटाव्हेटरची धूळ आणि डिझेलचा चिकटपणा मिळून ते बुजतं. बुजलं की दोन उलटसुलट त्रास होतात. उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या टाकीत दाब वाढतो आणि कमकुवत सांध्यातून डिझेल ढकललं जातं. आणि ट्रॅक्टर चालू असताना आत पोकळी होते, डिझेल ओढलं जात नाही, इंजिन बंद पडतं. बंद पडल्यावर झाकण सैल करा. 'फुस्स' आवाज आला आणि ट्रॅक्टर चालू झाला तर दोष सापडला.

छिद्र बारीक तारेने साफ करायचं. मोठं करायचं नाही. मोठ्या भोकातून पाणी आत जातं आणि पुढच्या वर्षी टाकी आतून गंजून तुम्ही परत याल.

पाइप आणि क्लिपा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या अनुभवात खरी गळती सर्वाधिक इथेच सापडते. टाकीतून कॉक, तिथून फिल्टर, फीड पंप, मग इंजेक्शन पंप, आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलांवरून उरलेलं डिझेल रिटर्न पाइपने परत टाकीत, असा सगळा प्रवास. प्रत्येक रबरी पाइप बोटांनी वाकवून पाहा. वाकवल्यावर बारीक भेगा उघडतात, सरळ असताना दिसत नाहीत. क्लिपेच्या अगदी कडेला, आणि जिथे पाइप पत्र्याला घासतो तिथे जास्त लक्ष द्या.

आता आपल्या भागातला खास दोष सांगतो. जळगाव जिल्हा ठिबकचा. घराघरात ठिबकच्या नळ्यांचे तुकडे पडलेले असतात. रिटर्न पाइप फुटला की शेतकरी मायक्रोट्यूबचा तुकडा जोडतो आणि वर बाइंडिंग वायर आवळतो. ती नळी पाण्यासाठी बनवलेली आहे. इंजिनच्या उष्णतेने आणि डिझेलने ती मऊ पडते, सांध्यातून निसटते, आणि निसटते तेव्हा ट्रॅक्टर लोडवर असतो, खाली तापलेला सायलेन्सर असतो. पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीचंही तेच, फक्त उलट्या दिशेने. डिझेल तिच्यातला मऊपणा काढून घेतं, सहा महिन्यांत ती काडीसारखी कडक होते आणि तडकते. कृपया डिझेलसाठीचाच रबरी पाइप वापरा, आतल्या व्यासाचं माप जुन्या तुकड्याशी जुळवून. एका ट्रॅक्टरला लागतो हातभर, पैसे लागतात थोडे, आणि दोन-तीन वर्षं डोकेदुखी नाही.

क्लिपा बाइंडिंग वायरच्या नकोत. तार रबरात रुतते आणि कापते. स्क्रूच्या क्लिपा घ्या आणि रबर किंचित फुगेल इतपतच आवळा.

उंदीर हाही आमच्याकडे मोठा कारागीर. केळीच्या बागेजवळच्या शेडमध्ये उभा ट्रॅक्टर असेल तर पाइपावर बारीक दातांच्या खुणा शोधा.

जिथे पाइप पोकळ बोल्टने बसतो तिथे दोन्ही बाजूंना तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे वॉशर असतात. एकदा दबलेला वॉशर दुसऱ्यांदा नीट बसत नाही, म्हणून गळती थांबत नसेल तर लोक बोल्ट आणखी आवळतात आणि आटे घालवतात. वॉशर नवे टाका. मिळत नसतील तर तांब्याचा जुना वॉशर ट्रॅक्टरपासून लांब, घरात गॅसवर लाल करून पाण्यात टाका. तांबं मऊ होतं आणि एकदा पुन्हा वापरता येतं. टेफ्लॉन टेप मात्र डिझेलच्या आट्यांना गुंडाळू नका. तिचे धागे सुटून फिल्टर-पंपाकडे जातात.

कॉक, ड्रेन बोल्ट, फिल्टरची वाटी

कॉकच्या दांड्यातून ओल येत असेल तर आतलं पॅकिंग गेलं आहे. कॉक पूर्ण बदलणं दुरुस्तीपेक्षा सोपं पडतं. फिल्टरच्या वाटीची रबरी रिंग प्रत्येक फिल्टर बदलताना नवी टाकायची. जुनी रिंग आत चिकटून राहते, तिच्यावर नवी बसते आणि दोन रिंगांतून हवा जाते. हे वर्षातून पाच-सहा वेळा तरी पाहतो. हाताने घट्ट आणि वर पाव फेरा, एवढंच. काटा दाखवणाऱ्या फ्लोटचं पॅकिंग वर असतं, ते फक्त टाकी भरलेली असताना गळतं.

पट्ट्या आणि रबर

टाकी पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळलेली असते आणि मध्ये रबर असतं. ते रबर झिजून गळून पडलं की पत्रा पत्र्यावर घासतो. रोटाव्हेटरच्या कंपनाने दोन हंगामांत तिथे पत्रा कागदासारखा होतो. पट्टी सैल असेल तर टाकी हादरते आणि कोपऱ्याच्या शिवणीला बारीक चीर पडते. पट्टी सोडवून तिच्या खालची जागा बोटाने चाचपा. रबर नसेल तर जाड रबरी पट्टी घाला. जुन्या ट्यूबचा तुकडा तात्पुरता चालतो, पण डिझेल लागून तो फुगतो, म्हणून वर्षाने बदला.

एवढं सगळं कोरडं निघालं, तरच टाकी उतरवा.

टाकी उतरवल्यावर

डिझेल झाकणाच्या लोखंडी किंवा डिझेलसाठीच्या कॅनमध्ये काढा. तळाचं शेवटचं अर्धा लिटर वेगळ्या काचेच्या बरणीत घ्या आणि तासभर ठेवा. पाणी खाली बसतं, गंज त्याच्याही खाली. डिझेल पाण्यापेक्षा हलकं आहे, म्हणून पाणी नेहमी टाकीच्या सगळ्यात खालच्या शिवणीत साठतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर दव होऊन उतरते. दिवसभराचं काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवावी असं म्हणतात त्याचं कारण हेच.

बाहेरून गंज असेल तर त्याचं आपल्याकडचं कारण बहुतेक पोटॅश. केळीला ते भरपूर लागतं, आणि शेतावर जाताना गोणी बॉनेटवर टाकली जाते. म्युरिएट ऑफ पोटॅश हे क्लोराईडयुक्त मीठच आहे. त्याचे दाणे पट्टीखाली अडकले, वर दव पडलं की पत्रा खाल्ला जातो. खताची गोणी ट्रॉलीत ठेवा, टाकीवर नको.

भोक दिसत नसेल तर टाकी रिकामी करा, सगळी तोंडं रबरी बुचांनी बंद करा आणि एका तोंडातून सायकलच्या हातपंपाने हवा भरा. पाच-सहा दट्टे, बस्स. बाहेरून साबणाचा फेस लावा, बुडबुडे येतील तिथे भोक. कॉम्प्रेसर लावू नका. टाकीचा पत्रा पातळ असतो, दाब सहन करायला तो बनवलेलाच नाही. शिवण फाटून टाकी अंगावर येऊ शकते.

टाकी पत्र्याची आहे की प्लॅस्टिकची, यावर पुढचा रस्ता ठरतो.

पत्र्याला टाचणीएवढं भोक असेल आणि आजूबाजूचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर खणखणीत वाजत असेल तर डिझेल सहन करणाऱ्या दोन भागांच्या इपॉक्सीने घरी काम होतं. भोकाभोवती दोन इंच जागा काचपेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा. हातानेच घासायचं, ग्राइंडर बिलकूल नको. थिनरने पुसा, वाळू द्या. इपॉक्सीचा पातळ थर, त्यावर फायबरचं कापड, वर पुन्हा थर. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या, साधारण चोवीस तास. ओल्या किंवा तेलकट पत्र्यावर कोणतीही पुट्टी धरत नाही, त्यामुळे डिझेल झिरपत असताना वरून थापलेला गोळा आठवड्यात सुटतो. सिलिकॉन डिझेलमध्ये टिकत नाही, तो प्रयोग करूच नका.

शेतातच अडकलात आणि घरी पोचायचंय, तर कपडे धुण्याच्या साबणाची वडी भोकावर दाबून घासा. डिझेल साबणाला विरघळवत नाही, काही तास भोक बुजून राहतं. हा घरी पोचण्यापुरता उपाय आहे. रोटाव्हेटर चालवण्यापुरता नाही.

प्लॅस्टिकच्या टाकीला इपॉक्सी चिकटत नाही. दिसायला चिकटते, पहिल्या उन्हात पापुद्रा सुटतो. चीर छोटी असेल तर प्लॅस्टिक जोडणारा कारागीर लागतो, कोपऱ्यात किंवा बोल्टच्या बुडाशी असेल तर टाकीच बदला. तापवलेला सुरा लावून चीर मिटवणारे पाहिले आहेत मी. आत वाफ असते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

इथे थांबा, कारागिराकडे जा

डाख लावणं, ब्रेझिंग, वेल्डिंग ही कामं घरी किंवा गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात करायची नाहीत. एका ओळखीच्या शेतकऱ्याने टाकी दोनदा सर्फने धुतली, आठ दिवस उन्हात पालथी ठेवली, वास येत नाही याची खात्री केली आणि मग दरवाजे-खिडक्या करणाऱ्या वेल्डरकडे नेली. पहिल्याच ठिणगीला टाकीचं बूड उडालं. वेल्डरचा हात वाचला तो टाकी टेबलाच्या पलीकडच्या कडेला होती म्हणून. धुतलेल्या टाकीतही शिवणीच्या घडीत आणि गंजाच्या पापुद्र्यांत डिझेल अडकलेलं असतं. पत्रा तापला की त्याची वाफ होते आणि बंद जागेत हवेशी मिसळते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक आहे, कारण पेटायला हवा आत असते.

रेडिएटर आणि टाक्यांचीच कामं करणारे कारागीर जळगाव-धुळ्याला आहेत. ते गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने किंवा वाफेने टाकी आतून धुतात आणि मगच आच लावतात. त्यांना टाकी देताना 'यात डिझेल होतं' हे स्पष्ट सांगा, आणि आधी कशी धुणार हे विचारा. उत्तर देताना तो चाचरला तर टाकी उचलून परत आणा. पाणी भरून वेल्डिंग करू, सायलेन्सरचा धूर आत सोडू, असं म्हणणारेही भेटतील. तिथेही टाकी ठेवू नका.

याशिवाय शिवणीला बोटभर लांब चीर असेल, भोकं दोनपेक्षा जास्त असतील, किंवा ठोकल्यावर पत्रा भद्द वाजत असेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. एक भोक बुजवाल, महिन्याने शेजारी दुसरं पडेल. नवी टाकी घ्या. इंजेक्शन पंपाच्या अंगातून किंवा नोझलांकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांतून डिझेल उडत असेल तरीही घरी हात घालू नका. तिथला दाब प्रचंड असतो, बारीक धार कातडीतून आत शिरते आणि वरून जखम टाचणीएवढी दिसते. गळती शोधायला तिथे बोट फिरवायचं नाही, आणि धार लागलीच तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी, शक्यतो लगेच, मोठ्या दवाखान्यात जायचं.

परत बसवताना

टाकी आतून पूर्ण कोरडी असल्याशिवाय बसवू नका. पट्टीखाली नवं रबर, क्लिपा नव्या, फिल्टर नवा. आधी पाच लिटरच डिझेल घाला आणि तासभर खालचे सांधे पाहा. मग फिल्टरवरचा एअरचा बोल्ट सैल करून फीड पंपाचा हातपंप मारा. फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की पंप मारता मारताच बोल्ट आवळा. त्यानंतर बॅटरीची तार जोडा आणि ट्रॅक्टर जागेवर दहा मिनिटं चालवा, रिटर्न पाइपवर नजर ठेवून.

दुसऱ्या दिवशी टाकी दोन बोटं कमी भरा, पुन्हा पावडर मारा, खाली नवा पुठ्ठा टाका आणि दुपारच्या उन्हात ट्रॅक्टर उभा करा. संध्याकाळी पुठ्ठा कोरडा निघाला की बॉनेट लावा आणि रोटाव्हेटर जोडा.